धनेशाने लिंपलेली ढोली

जंगलात शहाणे सल्लागार नुकतेच उगवू लागले होते, तेव्हाची गोष्ट. झिपरी खार बिया पुरायची आणि जागा विसरायची. धनेश पक्षी म्हणाला, “बाई, बिया मला द्या. मी सांभाळतो, मोजतो, रोज अहवालही देतो.”

झिपरी खूश झाली. रोज सकाळी कळायचं, बिया उत्तम आहेत, त्यात मोहाच्या जास्त.

उन्हाळ्यात पोट खपाटीला गेलं तेव्हा तिने विचारलं, “पण ठेवल्यात कुठे?”

“तुमच्याच झाडाच्या ढोलीत. तोंड मी चिखलाने लिंपलंय, तुमच्याच सुरक्षिततेसाठी.”

झिपरीने लिंपणाला पंजा लावला.

“फोडू नका,” धनेश मायेने म्हणाला, “माझी मोजणी बिघडेल. भूक लागली की मला विचारा, किती आहेत ते लगेच सांगतो.”

झिपरी आता जागा विसरत नाही. रोज उपाशीपोटी त्याच ढोलीला डोकं टेकून झोपते.