बिनधुराची गाडी

मुलांना प्रदूषणमुक्त प्रवास शिकवायला सभापती काटवटे गाड्यांचा ताफा घेऊन शाळेत आले. स्वागताला फाटकाशी उभी केलेली पोरं धुरानं बेजार झाली. सायकलीवर लांबलचक भाषण ठोकून सभापतींनी विचारलं, "सांगा, कोणत्या गाडीला धूर नसतो?"

धामणकर बाईंनी 'सायकल' हे उत्तर पोरांकडून घोकून घेतलं होतं. पण चौथीतली तनुजा उठून म्हणाली, "तुमच्या गाडीला, साहेब."

बाईंनी पटकन तोंडाला पदर लावला. सभापती मात्र खुलले. "हुशार आहेस. कसं ओळखलंस?"

"धुरानं खोकला होतो, असं तुम्हीच सांगितलंत. तुम्ही गाडीतून उतरलात ते हसत हसत. धूर सगळा आमच्या वाटणीला आला. आम्ही अजून खोकतोय."

नेमका तेव्हाच, तोंडाला पदर लावलेल्या बाईंनाही जोराचा खोकला आला.