न वाजलेली घंटा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाचा सगळा भरवसा वेशीवरच्या घंटेवर होता. संकट दिसलं की वेशीचा रखवालदार घंटा वाजवायचा. घंटा ऐकली की आतली माणसं धावत येऊन दारं लावायची आणि अडसर घालायची. मग उजाडेपर्यंत तो अडसर कुणासाठीही निघत नसे. बाहेर सख्खा भाऊ राहिला तरी नाही. गावाचा कायदाच होता तसा.

एकदा बाजाराच्या दिवशी, वेशीबाहेरचा माळ माणसांनी फुललेला असताना, तोंडं बांधलेले घोडेस्वार आले. ते लुटायला आले नव्हते. त्यांनी एका वस्तूला हात लावला नाही. समोर येईल त्याला कापलं, पालं पेटवली आणि आले तसे निघून गेले. गावानं जन्मभर भिऊन राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या दिवशी खूप माणसं गेली. रखवालदारही गेला. तो बंद दाराच्या बाहेर पडलेला सापडला.

वेस राखताना जो मरे, त्याच्यासाठी दरवर्षी त्या दिवशी वेशीच्या कोनाड्यात दिवा लावायची तिथली रीत होती. तेल मात्र त्याच्या घरचं चालत नसे. घरोघरी फिरून पळी पळी गोळा करायचं, आणि त्यावर दिवा पहाटेपर्यंत तेवला पाहिजे. मध्येच विझला तर गावानं त्या माणसाला सोडलं असं समजत आणि पुन्हा कधी त्याच्या नावानं दिवा लावत नसत.

आता त्याच गावात एक अत्तरवाला होता. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी रिकामटेकड्यांची बैठक जमे. हल्ल्यानंतर लोकांचं रडणं जरा ओसरलं, तसा त्यानं हळूच एक प्रश्न सोडून दिला, की त्या दिवशी घंटा का वाजली नाही? मी काही म्हणत नाही, नुसतं विचारतोय, असं वर म्हणायचा. विचारायला काय जातं त्याचं!

बघता बघता त्या प्रश्नाला पाय फुटले. कुणी म्हणालं, रखवालदार फितूर होता. कुणी म्हणालं, राजानंच जकात वाढवायला हे करवलं. कुणी तर म्हणालं, हल्ला झालाच नाही, पालं चुलीच्या ठिणगीनं पेटली आणि रखवालदार परमुलखात मजेत राहतोय. आता हल्ला झालाच नसेल तर फितुरी कसली? पण एवढं कळायला डोकं जाग्यावर लागतं, आणि ओट्यावर बसायला ते लागत नाही. ज्यांनी आपल्या हातांनी चिता पेटवल्या, त्यांना ही माणसं विचारू लागली, गेलेला नक्की तुमचाच होता ना? असं विचारताना त्यांची जीभ झडली कशी नाही?

ओटा भरू लागला तसं अत्तरही जोरात खपू लागलं.

वर्ष सरलं. रखवालदाराची बायको तेलाचं भांडं घेऊन सकाळीच निघाली. पहिल्या घरात तिला बसा म्हणाले, पण पळी काही कुणी आणली नाही. दुसऱ्या घराचं दार ती दिसताच लागलं. ज्याचा स्वतःचा घाणा होता, तो नजरेला नजर न देता म्हणाला की तेल संपलंय. चार म्हाताऱ्यांनी तेवढं पदराआडून थेंब थेंब घातलं. ऊन उतरायला आलं तरी भांड्याचा तळ जेमतेम ओला झाला होता. एवढ्या तेलावर दिवा मध्यरात्रीपर्यंतसुद्धा टिकला नसता. नवरा एकदा तलवारीनं गेला होता, आता गाव त्याला तोंडानं मारत होतं.

शेवटचं घर अत्तरवाल्याचं होतं. ओटा भरलेला होता.

अत्तरवाला गोड हसला. "तेल देऊ की वहिनी. पण एवढं सांगा, घंटा का वाजली नाही? मी काही म्हणत नाही, नुसतं विचारतोय."

"वर्षभर विचारताय, भाऊजी," ती म्हणाली. "जो सांगेल त्याला कधी विचारलंत का?"

ओट्यावर हशा पिकला. तेवढ्यात आतून अत्तरवाल्याची बायको बाहेर आली. तिच्या हातात काठोकाठ भरलेली तेलाची बरणी होती. ती नवऱ्याकडे न बघता ओट्यावरच्या माणसांना म्हणाली, "घंटा वाजली असती तर अडसर पडला असता आणि मी बाहेर राहिले असते. मी पडले होते, पाय मुरगळला होता. रखवालदारानं घंटेचा दोर सोडला, मला ओढत आणून आत ढकललं आणि घोडे अंगावर आले म्हणून बाहेरूनच दार लोटून त्याला पाठ लावून उभा राहिला. दाराआडून मी त्याचं ओरडणं ऐकलंय."

एकानं चाचरत विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस?

"त्याच संध्याकाळी यांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "हे म्हणाले, तू बाहेर बोलू नकोस. मी गप्प बसले. त्याची लाज मला जन्मभर पुरेल."

तिनं बरणी भांड्यात रिकामी केली.

ओटा एकेक करत मोकळा झाला. दिवेलागणीला वेशीत पळ्या घेऊन माणसांची रांग लागली. घाण्याच्या मालकालाही कुठूनतरी तेल सापडलं होतं. रखवालदाराच्या बायकोनं कुणाला बोल लावला नाही आणि कुणाला हसूनही दाखवलं नाही. सगळ्यांत शेवटी अत्तरवाला आला. त्याचाही हात पळीसह पुढे झाला, तेव्हा तिनं भांड्यावर तळहात धरला.

"तुमच्या घरचं तेल मघाशीच आलंय," ती म्हणाली.

दिवा पहाटेपर्यंत तेवला. अत्तरवाल्याचा ओटा मात्र पुढे कधी भरला नाही.

तात्पर्य: उत्तर ठाऊक असताना जो प्रश्न विचारत सुटतो, तो मेलेल्याला दुसऱ्यांदा मारतो, आणि त्याच्या ओट्यावर बसून माना डोलावणाऱ्यांचे हातही स्वच्छ राहत नाहीत.