उभ्या पावलाचं कलबूत

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता, आणि त्याचं पाऊल भुईला सोसत नव्हतं. कंकाळ मांत्रिकाचा शापच तसा होता. अनवाणी पाय टेकला की धरणी राजाला गिळू लागे, आणि जोडा घालावा तर तो तिसऱ्या पावलाला फाटे. एवढ्यानं त्या मेल्याचं पोट भरलं नाही. राजाची एकुलती लेक केतकी हिला त्यानं डोंगरावर नेलं, कमरेपर्यंत पाषाण केलं आणि निरोप धाडला, "बाप आपल्या पायांनी चालत आला तर लेक त्याची. अवसेपर्यंत न आला तर ती पुरती दगड होईल."

नगरातले सारे कारागीर हरले, तेव्हा येसू आली. जोडे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवत फिरे.

"महाराज, दुसऱ्याच्या मापाचा जोडा तुम्हाला कसा टिकावा? मी तुमच्याच पायाचं लाकडी पाऊल घडवते. त्याला आम्ही कलबूत म्हणतो. त्यावर कातडं चढवीन."

त्यासाठी जळत्या रानातली बाभूळ हवी होती, कारण ते लाकूड आकसत नाही की फुगत नाही. येसू तिथे पोहोचली, तर त्या झाडावर एक भारद्वाज राखण करीत बसला होता.

"लाकूड कशाला?" पक्ष्यानं विचारलं.

"एका बापाला लेकीकडे जायचंय."

"माझ्या घरट्याची फांदी सोड. बाकी ने."

येसूनं सिंहासनावर बसलेल्या राजाचं माप घेतलं, कलबुतं तासली, जोडा शिवला. तिसऱ्या पावलाला तो टर्रकन फाटला. पुन्हा माप घेतलं, नवी कलबुतं केली. दुसराही फाटला. आता लाकूड एका जोड्यापुरतं उरलं आणि अवस उद्यावर आली. येसूची फुशारकी कुठच्या कुठे गेली. अंगणात बसून ती ढसाढसा रडली, खोटं कशाला सांगू?

डोळे पुसून उठली, तो ओल्या मातीत तिचं स्वतःचं पाऊल उमटलं. अंगाचा भार पडून ते चांगलं पसरलं होतं. अहो, तिला काय हे ठाऊक नव्हतं? गावातल्या माणसांचं माप ती त्यांना उभं करूनच घेई. पण त्या राज्यात राजा प्रजेसमोर उठत नसे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राजांची मापं बसल्या पायांची. येसूही तीच चूक करून बसली होती.

ती तडक दरबारात गेली. "महाराज, उभे राहा. अनवाणी, मातीवर."

"जीभ आवर," प्रधान म्हणाला.

"भुई मला गिळेल," राजा म्हणाला.

"गिळेल. पण तुमचं खरं पाऊल तिच्यात उमटेल. दुसरा उपाय मला माहीत नाही."

राजाला केतकी आठवली आणि तो उठला. मातीवर उतरताच गुडघ्यापर्यंत गेला, मग कमरेपर्यंत. हत्तींना दोर लावून त्याला ओढून काढलं. मागे राहिलेल्या खड्ड्यांत येसूनं वितळलेलं मेण ओतलं. दोन पावलं निघाली, डावं उजव्याहून मोठं. त्यांच्याबरहुकूम तिनं उरलेली बाभूळ तासली आणि जोडा शिवला.

राजानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला दरबारानं डोळे मिटले. जोडा नुसता कुरकुरला. राजा चौथं पाऊल टाकून मोठ्यानं हसला आणि तसाच डोंगर चढू लागला. सारं नगर नौबती वाजवत मागून निघालं.

"कोणत्या मंत्रानं आलास?" कंकाळानं विचारलं.

"मंत्र नाही. येसूचं कलबूत."

राजानं लेकीचा हात धरला. पाषाण तडकला आणि गळून पडला. शाप उलटला, तसा कंकाळ जागच्या जागी शेंडीपर्यंत जमिनीत गेला. त्याला काढायला कोणी धावलं नाही.

"बाबा, पाय बधिर झालेत. मला चालवत नाही," केतकी म्हणाली.

"मग मी कशाला आलोय?" म्हणत राजानं तिला पाठुंगळी घेतलं. त्याला रडू आवरेना, आणि ते त्यानं लपवलंही नाही. भर बाजारातून तो लेकीला घरी घेऊन आला. हत्तीवरून साखर वाटली गेली, आणि पहिली मूठ येसूच्या पदरात पडली. त्या बापाला त्याची लेक भेटली, तसं ज्याचं माणूस त्याला भेटो.