थप्पीतल्या गाद्या

कापूस पिकवणाऱ्या एका गावात मथुरा नावाची एक मुलगी होती. ती दूर परदेशी जाऊन डॉक्टर झाली आणि गावचा धर्मार्थ दवाखाना सांभाळायला परत आली. येताना वाटभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते. दवाखाना ओकाबोका असेल. आजाऱ्यांना धड अंथरूण नसेल. आपण कापूस मागून आणू, पिंजून घेऊ, गाद्या भरवू आणि दुखणाईताच्या पाठीखाली काहीतरी मऊ घालू.

पाहते तो काय! दवाखान्याची मोठी खोली उघडली आणि मथुरा उंबऱ्यावरच थबकली. आत गाद्याच गाद्या. एकीवर एक रचलेल्या, थेट आढ्याला टेकलेल्या. पांढऱ्याशुभ्र खोळी. प्रत्येक खोळीच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने भरलेले देणाऱ्याचे नाव. शेजारी उशांचा डोंगर.

"ही आपल्या गावाची पुण्याई," दाजीबा शेटे म्हणाले. दाजीबा दवाखान्याचे कारभारी. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हते. "घरातलं माणूस दुखण्यातून उठलं, की त्या घरानं दवाखान्याला गादी आणि उशी द्यायची. तीही वाजतगाजत. ही रीत आजवर कुणी मोडली नाही."

मथुरेचे डोळे भरून आले. आपल्याच माणसांबद्दल आपण किती कोते विचार केले, म्हणून ती मनोमन शरमली.

"आता तुमच्यासाठी एक निवडा," दाजीबा म्हणाले. "हवी ती घ्या. डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर निजायचं म्हणजे गावाची शोभाच की!"

दवाखान्याची राखण सगुणाआत्याकडे होती. तिने लगबगीने शिडी लावली आणि एकेक गादी खाली ओढायला सुरुवात केली.

"ही नका घेऊ," आत्या म्हणाली. "दगड आहे दगड. हिच्यातली सरकी काढायची राहिली वाटतं."

"आणि ही?"

"ही फार मऊ. बसलात की बुडालात. मग तुम्हाला वर काढायला दोर लागायचा."

मथुरा खळखळून हसली. प्रवासाने तिची कंबर धरली होती. तिने एकेक गादी हाताने दाबून पाहिली. फार कडक गादी खांद्याला टोचते, फार मऊ गादीत कणा वाकतो, हे तिला शिकून ठाऊक होते. शेवटी एक मिळाली. ना कडक, ना पोकळ. कापूस सारखा पसरलेला, मध्ये एकही गाठ नाही. उशीही तिने तशीच पारखून घेतली. मान उचलणारी नको, मान सांभाळणारी हवी.

ती तिथेच क्षणभर आडवी झाली. सगळा शीण उतरला. आणि त्या सुखात तिला सहज आठवले.

"आत्या, काल कोणी बाळंत झालीय म्हणालात ना? तिला कुठली गादी दिलीत?"

"दिलीत म्हणजे?"

"म्हणजे ती कशावर निजलीय?"

"अगं बाई!" आत्या तोंडाला पदर लावून हसू लागली. "बाळंतीण, आणि नवी गादी?"

मथुरा उठली आणि पलीकडच्या खोलीत गेली.

तिथे फरशीवर एक विरलेली घोंगडी होती. घोंगडीवर ती बाळंतीण, कौशी, पडली होती. डोक्याखाली वीट, विटेला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. कुशीत कालचे बाळ. फरशी रुतून कौशीचे माकडहाड लालभडक झाले होते. कूस बदलायला गेली की ती कण्हायची, आणि बाळ दचकू नये म्हणून तो आवाजही दातांखाली दाबायची. भिंतीच्या एका बाजूला ही बाई, आणि दुसऱ्या बाजूला आढ्यापर्यंत कापूस!

"हे काय आहे?" मथुरेने विचारले. ती मागोमाग आलेल्या आत्याकडे रागाने वळली.

मग आत्याने तिला गावाची रीत समजावून सांगितली. दर पाडव्याला ही खोली उघडत. साऱ्या गाद्या अंगणात मांडत. गाव जमे. गादी देणारे आपापली गादी हाताने दाबून दाखवत. जिची उंची तसूभरही उतरली नसेल, तिच्या मालकाने दवाखान्याचा नारळ फोडायचा. गेली कित्येक वर्षे तो मान दाजीबांच्या घरी होता.

"माणूस निजलं की गादी दबते," आत्या म्हणाली. "दबली की मान गेला. तुमच्याखाली दबली तर तोही मानच; पण आजाऱ्याला कोण हो आपल्या गादीवर निजू देईल?"

मथुरा तडक दाजीबांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, या गाद्या कुणासाठी आहेत?"

"दवाखान्यासाठी."

"आणि दवाखाना कुणासाठी आहे?"

"आजाऱ्यांसाठी. हे काय विचारणं झालं?"

"मग आजारी माणूस फरशीवर का? गाद्यांना कसला आजार झालाय, की त्यांना एवढी विश्रांती लागते?"

दाजीबा रागावले नाहीत. अडाणी लेकराला समजवावे तसे हसले.

"पोरी, तू पुष्कळ शिकलीस. पण गाव शिकायला वेळ लागतो. माणूस देतो ते मानासाठी देतो. मान काढून घेतलास तर देणं थांबेल. आजाऱ्यांच्या पोटात जातं ते धान्य कोण देतं? हीच घरं. औषधं कुणाच्या जिवावर येतात? याच घरांच्या. आज तू गादी ओढशील, उद्या चूल बंद पडेल. मग त्या बाळंतिणीला काय खायला घालशील? कापूस?"

धान्याची गोष्ट खोटी नव्हती. दवाखाना बंद पडला तर कौशीसारख्यांनी जायचे कुठे? पण अंगात पेटलेला राग काही विझेना. शेवटी मथुरा म्हणाली, "ठीक आहे. मग मलाही गादी नको. कौशी जमिनीवर, तर मीही जमिनीवर."

दाजीबांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. दारात जाऊन त्यांनी हाकाच मारल्या.

"अहो, या, या! बघा आपल्या लेकीचा त्याग! परदेशात शिकली, पण माती विसरली नाही. गरिबाशेजारी जमिनीवर निजणार आहे!"

बायका जमल्या. कुणी तिला कुंकू लावले, कुणी कानशिलावर बोटे मोडली. एक म्हातारा तर तिच्या पाया पडला. तिची गादी पुन्हा थप्पीत गेली. आत्याने ती थापटून थापटून पूर्ववत फुगवली. मथुरेने कौशीशेजारी घोंगडी पसरली. आपण काहीतरी मोठे केले, असे तिला वाटत होते.

दिवेलागणीला सगळे पांगले. तेव्हा कौशी हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही खाली आलात. म्हणून माझी फरशी मऊ झाली का?"

मथुरा उठून बसली.

"नाही, आपलं विचारलं," कौशी म्हणाली. "सकाळी एकटी मी अवघडले होते. आता दोघी. तुम्हाला ओवाळलं, ते बरं झालं. पण उद्या तुमचीच पाठ धरली, तर आमच्याकडं बघायचं कुणी?"

"मग तुला गादी आणून देऊ? आत्ता आणते."

कौशी घाबरून अर्धी उठलीच. "नको, नको! अहो, मी ओली बाळंतीण. डाग पडला तर? दाजीबा माझ्या सासऱ्याला चावडीवर उभं करतील. मला घरात घेणार नाहीत हो ताई!"

ती पुन्हा आडवी झाली आणि पुन्हा दात आवळून कण्हली.

आता मथुरेचा राग फिरला, आणि तो तिच्या स्वतःवर येऊन आदळला. दिवसभर आपण तणतणलो. त्यातून कोणाला काय मिळाले? कौशीला काहीच नाही. दाजीबांना मात्र मिळाले. त्यांची गादी होती तेवढीच उंच राहिली, आणि चारचौघांत मिरवायला आणखी एक त्याग त्यांच्या हाती आला. आपण रीत मोडली नाही. आपण त्या थप्पीवर आपलीही एक गादी रचली. बाकीच्यांच्या गाद्या कापसाच्या, आपली चांगुलपणाची. दबू द्यायची नाही अशीच तीही!

सकाळी मथुरा उठली तेव्हा तिची कंबर लाकडासारखी झाली होती. बाळाला तपासायला ती वाकली, तर पुरते वाकता येईना. तिने कौशीची पाठ पाहिली. लाल झालेली कातडी रात्रीत फुटली होती. तिथे जखम झाली होती. बाई अंगाने तापली होती.

मग मात्र तिने वाट पाहिली नाही. मोठ्या खोलीत गेली, शिडी लावली आणि थेट वर चढली. सर्वांत वर दाजीबांची गादी होती. तिने ती दोन्ही हातांनी ओढली. गादी धप्पकन खाली पडली.

आत्या धावत आली. "अहो, दाजीबांची आहे ती! तिला हात नका लावू!"

"हीच सगळ्यांत चांगली ना?"

"हो, पण..."

"मग हीच बाळंतिणीला. धरा दुसरं टोक."

आत्या क्षणभर घुटमळली. मग का कोण जाणे, तिने पदर खोचला आणि टोक धरले. दोघींनी कौशीला कुशीवर वळवले, जखम धुतली, औषध लावले आणि खाली गादी सरकवली. वीट काढून मानेखाली उशी दिली.

"ताई, डाग..." कौशी म्हणू लागली.

"पडू दे. अंथरुणाला डाग माणसाचेच पडतात. आणि चावडीवर कुणाला उभं राहायचं असेल, तर मी राहीन."

बातमी पोहोचायला कितीसा वेळ! दाजीबा आले ते ओरडतच आले. त्यांच्यामागे निम्मे गाव.

"माझी गादी! माझ्या गादीवर..."

"काका," मथुरा म्हणाली, "ही गादी तुम्ही दवाखान्याला दिली होती ना?"

"दिली होती! सगळ्या गावादेखत दिली होती!"

"मग तुमची कशी?"

मागे कोणीतरी खुसकन हसले. दाजीबांचा चेहरा लाल झाला.

"आजपासून माझ्या घरचं धान्य बंद! सगळ्यांचंच बंद करतो. बघतोच कशी चालवतेस!"

"करा बंद. मी घरोघर जाऊन धान्य मागेन. आणि प्रत्येक दारात सांगेन, ते का बंद झालं. एका बाळंतिणीची पाठ गादीला लागली, म्हणून बंद झालं. तुम्हाला शोभत असेल तर मला काही अडचण नाही."

दाजीबांनी मान वळवून लोकांकडे पाहिले. लोक त्यांच्याकडे बघत नव्हते. ते दारातून आत बघत होते. आत कौशी कुशीवर निजली होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच तिला अशी गाढ झोप लागली होती. तिच्या अंगाखाली गावातली सर्वांत उंच गादी चांगली वीतभर दबली होती.

दाजीबा पाय आपटत निघून गेले. त्या दिवशी त्यांच्या घरचे धान्य खरोखरच आले नाही. आणखी काही घरांचेही आले नाही. पण मथुरेने बोलल्याप्रमाणे घरोघर जाऊन धान्य मागितले, आणि सकाळी सुरू केलेले मागे घेतले नाही.

तिने थप्पी उतरवली. बाकीच्या खोल्यांत फरशीवर पडलेल्या प्रत्येक दुखणाईताखाली ज्याला जशी हवी तशी गादी घातली. कंबर धरलेल्याला जरा कडक, हाडे टोचणाऱ्या म्हातारीला मऊ. साऱ्यांची अंथरुणे झाल्यावर उरलेल्यांतून एक गादी आणि एक उशी तिने स्वतःसाठी नीट पारखून घेतली. कारण सकाळी तिला वाकता आले पाहिजे होते. आणि दवाखान्याच्या दारात उभे राहून तिने जमलेल्यांना सांगितले, "यापुढे इथे वाजतगाजत गादी आणायची नाही. ज्याला द्यायची आहे त्याने आत यावं, आजाऱ्याला हात देऊन उठवावं आणि आपल्या हाताने ती त्याच्या अंगाखाली घालावी. हे ज्याला जमणार नाही, त्याने आपली गादी आपल्या घरी फुगवून ठेवावी."

तात्पर्य: दुःखिताशेजारी जमिनीवर निजणे सोपे असते, त्याला जमिनीवरून उठवणे अवघड असते, आणि जे वापरलेले देणाऱ्यालाच खपत नाही, ते दान नव्हे, नुसता देखावा.