पाथरवटाने तासलेल्या बांगड्या

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात सटवाजी नावाचा पाथरवट होता. हातात मोठं कसब, पण स्वभावाने भित्रा. पाटलाची सावली दिसली तरी याची छिन्नी थांबायची.

एकदा गावावर पेंढारी चालून आले. समोरच्या रस्त्याने येता येता ते मध्येच वळले आणि डोंगराला वळसा घालून मागच्या खिंडीत शिरले. तिथे ठकूबाई नावाची धनगरीण मेंढरं राखत होती. तिने मेंढरांच्या वाड्याचं काटेरी कुंपण ओढून खिंड अडवली आणि पेटवून दिलं. घोडे बुजले, पेंढारी परतले, गाव वाचलं. ठकूबाई मात्र भाजली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मानाजी पाटील हा सगळा वेळ जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपून बसले होते.

सटवाजीने तिच्या आठवणीचा दगड घडवायला घेतला. सतीच्या दगडावर असतो तसा बांगड्यांचा हात कोरला, पण त्या मुठीत पेटती फांदी दिली. मानाजी पाटील बघायला आले.

"बाईचा हात कोरायचा तर सतीचा कोर," ते म्हणाले. "वीर म्हणून मला दाखव. वेशीत, घोड्यावर, तलवारीसकट."

सटवाजीची छिन्नी थांबली. पाटलांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. "हात शाबूत राहावं असं वाटतंय न्हवं?"

सटवाजीने बांगड्या तासून टाकल्या आणि सांगितलं तसं कोरून दिलं.

तीस वर्षं गेली. ज्यांना खरं ठाऊक होतं ते भीतीने गप्प बसले, आणि पोरं तो दगड बघून मोठी झाली. मानाजी वारले, त्यांचा मुलगा रायाजी पाटील झाला. आपल्या बापानेच वेशीत गाव राखलं, असं तोही मनापासून मानायचा. त्याचा तरी काय दोष? दगडच तसं सांगत होता.

मग एका दुपारी रस्त्यावर पुन्हा धूळ दिसली. रायाजीने दगडावर होतं तेच केलं. सगळे धडधाकट पुरुष वेशीत उभे केले. बायका, पोरं, म्हातारी माणसं मागच्या देवळात पाठवली, नेमकी खिंडीच्या तोंडाशी. सटवाजीची लेकही तान्ह्या बाळाला घेऊन तिथेच गेली. सटवाजीही आता म्हातारा, पण हातात घण होता म्हणून तो तेवढा वेशीत राहिला.

थोड्या वेळाने धूळ वळली आणि डोंगराआड दिसेनाशी झाली. "भ्याले, पळाले," लोक म्हणाले. कुणी हसलंसुद्धा.

सटवाजीला मागची खिंड आठवली. वाटलं, गप्प बसावं. तीस वर्षं जमलंच होतं की. पण डोळ्यांपुढून लेक हलेना. तो रायाजीसमोर गेला.

"पाटील, ते पळाले न्हाईत. मागल्या खिंडीतनं येत्यात. तवाबी असंच आले हुते. तो दगड खोटा हाय. तुमचं वडील पेवात हुते. खिंड राखली ठकूबाईनं."

रायाजीची तलवार त्याच्या गळ्याशी आली. "माझ्या बापाला भेकड म्हणतोस?"

"भेकड मी. खोटं मी कोरलं. मारायचं तर मागनं मारा, पर आधी खिंड गाठा."

एकीकडे बापाचं नाव, दुसरीकडे देवळातली माणसं. मग रायाजीने तलवार खाली केली आणि तो खिंडीकडे धावत सुटला. मागोमाग सगळे धावले.

खिंडीत टापा वाजत होत्या. बायकापुरुषांनी मिळून काटेरी फांद्या ओढल्या, हात सोलून निघाले. पहिला घोडा दिसला तेव्हा कुठे जाळ उठला. पेंढारी मागे फिरले. देवळातली पोरं मात्र किती वेळ रडत होती.

काजळलेल्या तोंडाने रायाजी म्हाताऱ्या माणसांसमोर उभा राहिला. "हितं जी बाई जळाली, ती तुम्हांस्नी ठावी हुती?"

कुणी मान वर करेना. पाटलाचाच पोरगा विचारत होता. शेवटी एक म्हातारी पुटपुटली, "ठकूबाई." मग दुसरी. मग एकेक करत सगळी. आवाज अजूनही कापत होते.

रायाजीने डोक्यावरचं पागोटं काढून खिंडीतल्या राखेपुढे ठेवलं.

"मोठ्यानं म्हणा," तो म्हणाला. "पोरांस्नी ऐकू जाऊ द्या."

तात्पर्य: राखणारीचं नाव जे गाव भीतीपोटी पुसून टाकतं, ते स्वतःला राखण्याची वाटही पुसून बसतं.