सात गावांचा दोर

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. धुक्याच्या एका खोऱ्यात सात गावं होती. एका गावाने दुसऱ्याला मध, मीठ, लोकर असं काही दिलं, की देणारं गाव शिंग फुंकायचं. तो सूर धुक्यातून तरंगत जायचा आणि सातही गावं देवघेवीच्या आपापल्या दोराला देणाऱ्या गावाची गाठ मारायची. प्रत्येक गावाची गाठ वेगळी, प्रत्येक गावाचा सूर वेगळा. त्यामुळे सातही दोर सारखे, आणि खोटं बोलायला जागाच नाही.

दर पौर्णिमेला लोक आपल्या दोराचा गाठी पडलेला भाग वितींनी मोजत. दोर लांबला की म्हणत, "खोरं ठणठणीत आहे!"

खालच्या गावातला दोर दोघे भाऊ राखायचे. थोरला तापाने गेला. दोर धाकट्याच्या हाती आला, पण त्याला अजून थोरल्याच्याच हातांचा वास होता. धाकटा तो उशाशी घेऊन निजायचा.

त्या महिन्यात गाठी कमी पडल्या. पारावर कुणीसं म्हणालं, "थोरल्याबरोबर दोरही गेला म्हणायचा."

धाकटा तडक उठला, मधाचा बुधला उचलला आणि शेजारच्या गावातल्या मित्राकडे गेला.

"हा घे मध. दुपारी मला परत दे. उद्या पुन्हा तेच."

"डोकं फिरलं का तुझं, लेका? मध खायला असतो की फिरवायला?"

"तू फक्त शिंग फुंक. दादाचा दोर मरता कामा नये."

मित्राला त्याचे डोळे पाहवले नाहीत. त्याने शिंग उचललं.

मग बुधला जाऊ-येऊ लागला, आधी दिवसातून एकदा, मग वरचेवर. दिवसातून दहादा शिंगं वाजायची, आणि पाळण्यातल्या बाळासारखं सगळं खोरं त्या सुरांवर झुलत राहायचं. पौर्णिमेला मोजणाऱ्याचे हात दुखले.

"थोरल्याच्या वरताण निघालास रे!" लोकांनी धाकट्याची पाठ थोपटली. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

सकाळी घोंगड्या विणणारी म्हातारी आली. डोळ्यांनी अधू होती. तिने दोरावरून सावकाश बोटं फिरवली.

"का रे बाळा, या महिन्याच्या इतक्या लांब दोरात मला सारख्या दोनच गाठी लागतायत. एक आपली, एक शेजारची. वरच्या गावाची तर एकही नाही. महिना झाला, लोकर आली नाही माझी."

धाकट्याचा चेहरा उतरला. तो उठला आणि वरच्या गावाकडे धावत सुटला.

दरड कोसळून वाट बुजली होती. दगडांवरून चढून तो गावात शिरला. कुठे धूर नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. कणग्या रिकाम्या पडल्या होत्या, आणि दरड ओलांडून खाली यायचं बळ कुणाच्या अंगात उरलं नव्हतं. शिंग फुंकायचं ते काही दिल्यावर, आणि त्या गावाकडे देण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

एका दारात एक मुलगी बसली होती. शेजारी घोंगडीखाली तिचा भाऊ होता.

"काल गेला," ती म्हणाली. "रोज शिंगं ऐकू यायची. दादा म्हणायचा, ऐक, खाली सगळं छान चाललंय. येईल कुणीतरी."

धाकटा आला तसाच खाली धावला आणि गावोगाव सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी अख्खं खोरं धान्य घेऊन वर चढलं. बाकीची माणसं वाचली. धाकट्याने सगळ्यांसमोर बुधल्याची गोष्ट सांगून टाकली. कुणी त्याला मारलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. मुलीच्या भावाला खांदा द्यायला तो पुढे झाला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू नको."

म्हणून सांगतो, नुसत्या गजबजीवरून प्रकृती जोखू नये. गप्प कोण झालं आहे, ते आधी पाहावं.