थोरल्या महाराजांचं सोवळं

"एक जरी नाणं काळं पडलं, तर तुझी जामदारी गेली आणि जामदारीचं शेतही गेलं! आज घासशील ते शेवटचं. यापुढे चिंच नाही, राख नाही!"

कळवंडीच्या राजे जसवंतरावांनी हुकूम सोडला आणि खजिना राखणारे म्हातारे बाळोजी जामदार घासायची राहिलेली नाणी मोजू लागले. मुदत दसऱ्यापर्यंतची; त्या दिवशी भरदरबारात नाणी बघायची.

महाराजांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. त्यातही घराण्याचे मूळपुरुष रुद्राजीराव यांनी पाडलेले चांदीचे रुपये म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एका बाजूला रुद्राजीरावांचं नाव, दुसऱ्या बाजूला उधळलेला घोडा. नाणी काळी पडत, बाळोजी घासत. घासता घासता घोड्याचे पाय गेले, कान गेले. परवा एक पाहुणा म्हणाला, "वा! काय सुरेख मासा आहे!" आणि हा अनर्थ ओढवला.

दुपारची भाकरी घेऊन आलेल्या लेकीला बाळोजींनी सगळं सांगितलं. घासायचा राहिलेला एक रुपया गोजराने उजेडात धरला.

"आबा, इथं बघा. अंगठा उमटलाय. चांगला जाडजूड!"

"हळू बोल! महाराजांचा आहे तो."

"जेवून हात धूत नाहीत?"

"रुमालाला पुसतात. मग तेच कांदा-लसणाचे, तुपाचे हात घेऊन पाहुण्यांसह इथं येतात आणि एकेक नाणं कुरवाळतात. आधीच्या जामदाराने अदबीने सुचवून पाहिलं. तो आता विंचूगडावर पहारा करतो. एकटाच."

"आणि पेटीला आतून हे लाल काय लावलंय?"

"बनात. विलायती लोकर. दिवाणजींची पसंती."

"काढून टाका! आईचे तोडे घोंगडीत गुंडाळले तेव्हा काळे ठिक्कर पडले होते. जुन्या लुगड्यात ठेवले, तर वर्षभर लखलखीत."

त्या दिवशी नाणी घासून, धुऊन, खडखडीत कोरडी केली. गोजराने धुवट धोतराचे तुकडे फाडले, प्रत्येक रुपया वेगळा गुंडाळला, म्हणजे एकमेकांना घासायला नकोत. सगळे चिनी मातीच्या बरणीत घातले, दमट हवा शोषायला वाळवलेल्या खडूची पुरचुंडी ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

"झालं. आता राहिला अंगठा!"

दुसऱ्या दिवशी महाराज ढेकर देत आले. मागे पाहुणे, दिवाणजी, उपाध्ये. जामदारखान्याच्या उंबऱ्यावर पाय पडणार तोच गोजरा ओरडली,

"थांबा! सोवळं आहे!"

महाराजांचा पाय हवेतच थांबला. तोफेपुढे न थांबलेला माणूस; पण सोवळं म्हटल्यावर कोण पुढे जाईल?

"कुणाचं सोवळं?"

"थोरल्या महाराजांचं. रुपयावर त्यांचं नाव आहे. कुळाच्या मूळपुरुषाला खरकट्या हाताने शिवायचं का, विचारा उपाध्येबुवांना!"

उपाध्येबुवांनी क्षणभर विचार केला. नवं सोवळं म्हणजे नवी दक्षिणा. "छे छे! घोर पातक!" ते म्हणाले.

तेव्हापासून नियम ठरला. आधी स्नान, मग हात कोरडे करायचे, हाताला धुवट फडकं गुंडाळायचं आणि नाणं फक्त कडेला धरायचं. पाहुण्यांनी लांबूनच दर्शन घ्यायचं. भर दुपारी पुन्हा आंघोळ करायची म्हटल्यावर बऱ्याच पाहुण्यांना घरची तातडीची कामं आठवू लागली.

दसऱ्याला भरदरबारात बरणी उघडली. एकेक रुपया चांदण्यासारखा! महाराज हरखले. आणि एकाएकी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, थोरले महाराज तर घोड्यावरच भाकरी खायचे आणि हात आयाळीला पुसायचे. त्यांना सोवळं कधीपासून लागलं?"

गोजरा पुढे आली. बाळोजींनी डोळे मिटून घेतले.

"नाणी राखायचा हुकूम होता महाराज. कुणापासून राखायची, ते हुकुमात नव्हतं."

"म्हणजे माझ्यापासून!"

"मी कुठं म्हटलं? महाराजच म्हणाले."

"मग तोंडावर सांगायचं होतंस!"

"महाराजांना कोण सांगणार? त्याला वरचा माणूस हवा. राज्यात महाराजांच्या वर कोण, असं दिवाणजींना विचारलं. म्हणाले, कोणी नाही. मग मी थोरल्या महाराजांकडे गेले. 'पोरा, हात धुऊन ये' असं तुम्हाला म्हणायला घरचंच वडीलधारं माणूस लागतं!"

महाराज आधी लाल झाले. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि ते इतके खदखदून हसले की शिरपेच डोळ्यांवर आला. दिवाणजीही हसले, ते महाराजांच्या मागोमागच हसत.

"जामदारी आजपासून गोजराच्या नावे! शेताला लागून मळ्याचा तुकडाही द्या. आणि हा रुद्राजीरावांचा एक रुपया माझ्या हातून…"

बरणीकडे गेलेला हात वाटेतच थांबला. महाराजांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"अरे, बघता काय? तांब्या आणा!"